तुरुंगावरच्या संशोधनात अर्धसंरचित मुलाखतीची पारख कशी करावी

जळगावात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना तुरुंग हा विषय घेणारं कुणी ना कुणी भेटतंच. पद्धतीच्या प्रकरणात प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं: 'माहिती संकलनासाठी अर्धसंरचित मुलाखत वापरली.' म्हणजे विषय आधी ठरवून, प्रश्नांचा क्रम आणि शब्द मोकळे ठेवून घेतलेली मुलाखत. ती का वापरली आणि भिंतीच्या आत कितपत चालली, याबद्दल अवाक्षर नसतं. या पद्धतीवर माझा विश्वास आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. तुरुंगात तिची पारख प्रश्नावलीवरून होत नाही. माणूस तुमच्यासमोर कोणी आणून बसवला, खोलीत आणखी कोण होतं, आणि बोलल्यावर आपलं बरं होईल की वाईट असं त्याला वाटत होतं, यावरून होते.

आधी आपला प्रश्न मुलाखतीचा आहे का, ते बघा. देशातल्या कैद्यांपैकी न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, किती, हे मुलाखतीतून कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात तो आकडा 75.8 टक्के आहे आणि तो तिथूनच घ्यायचा. पण निकाल न लागलेला माणूस तारखेमागून तारीख कशी काढतो, आज कोर्टात न्यायला पोलीस आलेच नाहीत हे कळल्यावर उरलेला दिवस कसा घालवतो, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. इथे मुलाखत लागते.

बाकीच्या वाटा तुरुंगात लवकर बंद होतात. छापील प्रश्नावली दिली की प्रत्येक जण 'होय, चांगलं आहे' वर खूण करतो. गटचर्चेत बरॅकमधला वजनदार माणूस बोलतो, बाकीचे माना डोलावतात. बरॅकमध्ये बसून निरीक्षण करायला सहसा कुणी देत नाही. आणि 'तुमची कहाणी सांगा' असं मोकळं सोडलं, तर मिळालेला सगळा वेळ खटल्यातच जातो. चार-पाच विषय ठरलेले, त्यांचा क्रम आणि शब्द मोकळे, ही रचना थोड्या वेळात सगळ्यात जास्त देते.

विषय ठरवताना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स यांनी 1958 मध्ये न्यू जर्सीतल्या तुरुंगाच्या अभ्यासावरून मांडलेल्या पाच वंचना, म्हणजे तुरुंग माणसाकडून हिरावून घेतो त्या पाच गोष्टी, हाताशी ठेवा: स्वातंत्र्य, वस्तू आणि सेवा, लैंगिक सहवास, स्वतःच्या निर्णयाचा हक्क, सुरक्षितता. मात्र त्या जशाच्या तशा विचारू नका. 'तुम्हाला असुरक्षित वाटतं का?' या प्रश्नाला मी आजवर 'नाही' याखेरीज उत्तर ऐकलेलं नाही. त्याऐवजी विचारा, 'आत आलात त्या रात्री झोपायला जागा कुठे मिळाली? आता कुठे झोपता? मधे काय झालं?' संडासाजवळच्या जागेपासून पंख्याखालच्या जागेपर्यंतचा प्रवास माणूस सांगू लागला की बरॅकमध्ये कुणाचा शब्द चालतो, घरून कँटीनसाठी पैसे येणाऱ्याला काय मिळतं, न येणाऱ्याला कुणाची कामं करावी लागतात, सगळं ओघानं येतं. खानदेशातल्या मे महिन्यात पाण्याचा प्रश्नही असाच बोलका असतो. पाणी किती वाजता येतं, पहिली बादली कोणाची, संध्याकाळच्या मोजणीनंतर काय करता? 'साधारणपणे' हा शब्द प्रश्नात येऊ देऊ नका. काल सकाळचं विचारा. कालचं सांगताना माणूस चांगलं-वाईट ठरवत बसत नाही, घडलेलं सांगतो.

चोपडा तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा एक पावरा आदिवासी तरुण प्रत्येक प्रश्नाला 'बरं आहे' म्हणत होता. शेवटी भेटीला कोण येतं असं विचारलं. आई येते, म्हणाला. पाड्यावरून जीप, मग एस.टी., दिवसभराची मजुरी बुडवून. मागच्या खेपेला ओळखपत्र घरी राहिलं म्हणून ती भेट न होता परत गेली, आणि तो निरोप त्याला दुसऱ्या दिवशी मिळाला. त्यानंतर तो बराच वेळ बोलला. त्याचा आधीचा 'बरं आहे' खोटा धरू नका. कोण विचारतंय हे कळेपर्यंत तुरुंगात तेच उत्तर शहाणपणाचं असतं. म्हणून मुलाखत तपासताना 'बरं आहे' कुठे संपलं, कोणत्या प्रश्नाला संपलं, तिथे समासात खूण करा. तशी एकही खूण नसलेली मुलाखत पुराव्यात धरताना हात आखडता घ्या.

भाषेचं आधी बघा. प्रमाण मराठीत विचारलं की इकडचा माणूस कोर्टात उभा राहिल्यासारखा उत्तरं देतो. 'घर कोन कोन शेतस?' म्हटलं की खांदे सैल होतात. अहिराणी येत नसेल तर शिका, पावरी किंवा भिली येत नसेल तर बाहेरचा दुभाषा न्या. सहकैदी दुभाषा म्हणून कदापि नको. ज्याच्याबद्दल तक्रार आहे, तोच भाषांतर करत असू शकतो.

एक गोष्ट कडकपणे पाळा: गुन्ह्याबद्दल विचारू नका. वकिलाशी बोललेलं कायद्यानं गोपनीय असतं, संशोधकाशी बोललेलं नसतं. खासगी माणसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकते आणि तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागू शकतं. तो आपणहून खटल्याकडे वळला तर तिथेच थांबवा, आणि का थांबवलं ते सांगा. मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कसा करायचा ते समजावा, पण तुमच्या प्रबंधानं जामीन होईल अशी आशा क्षणभरही लावू नका. न्यायाधीन माणूस बुडत्यासारखा कशालाही धरतो, आणि त्या आशेनं दिलेली संमती ही संमती नव्हे.

आता निवड. परवानगी पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून येते, पण माणसं समोर आणतो तो त्या दिवशीचा कर्मचारी. तो बहुधा शिकलेले, कार्यालयात कामाला असलेले, 'चांगलं बोलणारे' निवडतो. त्यात त्याचा वाईट हेतू असेलच असं नाही. पाहुण्यासमोर नीट माणूस बसवावा, एवढंच त्याच्या मनात असतं. तुम्ही बरॅकनिहाय यादी मागा आणि चिठ्ठ्या टाकून नावं काढा. हे जमलं नाही तर कोण कोणी आणलं, कोणी नकार दिला, दार उघडं होतं का, शिपाई किती अंतरावर होता, हे प्रत्येक मुलाखतीच्या माथ्यावर लिहा. प्रबंध तपासताना मी आधी हीच नोंद शोधते. ती नसेल तर पुढची पन्नास अवतरणं कशी वाचायची, हे मला कळत नाही.

रेकॉर्डर सहसा आत नेता येत नाही. मग कळीचे शब्द त्यांच्याच तोंडचे टिपा, आणि फाटकाबाहेर पडल्या पडल्या, एस.टी. पकडण्याआधी, बसून पूर्ण लिहा. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी तिथल्या तिथे लिहून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. हाताच्या वेगावर भरवसा ठेवता येतो, पण विनोबा ओघानं बोलत होते. आपला माणूस अडखळतो, गप्प होतो, दाराकडे बघतो. तेही लिहायचं असतं. आणि अवतरणचिन्हात तेवढंच घाला, जे शब्दशः टिपलंय.

मिळालेलं दुसरीकडे लावून बघा. कँटीनची दरयादी आणि आहाराचं प्रमाण मागता येतं. त्याहून मोलाचं म्हणजे जामिनावर सुटलेल्यांना त्यांच्या गावी जाऊन भेटणं. ओट्यावर बसलेला तोच माणूस मारहाणीबद्दल बोलतो, जे आत बोलला नव्हता. पण घरच्यांसमोर भूक आणि रडणं लपवतो, जे आत सांगून गेला होता. दोन्ही जागा काहीतरी झाकतात. दोन्हीकडच्या मुलाखती शेजारी ठेवल्या की कुठली जागा काय झाकते, ते दिसू लागतं. तुमच्या मूल्यमापनाच्या प्रकरणाचा गाभा इथे असू द्या.

स्त्रियांच्या बरॅकबद्दल जास्त जपा. जिल्हा कारागृहात स्त्रिया थोड्याच असतात. 'हुंड्याच्या गुन्ह्यातली निवृत्त शिक्षिका' एवढं लिहिलंत तरी अख्खं गाव तिला ओळखतं, नाव बदलून काही उपयोग नाही. वय, गाव, व्यवसाय यांतलं जे तुमच्या निष्कर्षाला लागत नाही ते गाळा.

दुसऱ्या भेटीची परवानगी पहिल्याच अर्जात मागून ठेवा. पहिल्या भेटीत तुम्ही कोण हे बघितलं जातं. दुसऱ्या भेटीत तुमचं टिपण त्याला वाचून दाखवा आणि जे नको म्हणेल ते त्याच्यासमोर खोडा.