धोपा घशाला खाजू नये म्हणून काय करायचं

पावसाळ्यात आमच्याकडं न्हाणीमागं धोपा नुसता माजतो, पुण्याकडचे लोक त्याला अळू म्हणतात. मागच्या साली महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी वड्या केल्या, घाईत आतून कच्च्या राहिल्या अन् पंगतीतली एक पोरगी गळा धरून रडतच उठली. लई वाईट वाटलं मले. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय.

खाजवतं ते कॅल्शियम ऑक्झलेट. धोप्याच्या पानात, देठात, कंदात त्याचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, नुसत्या डोळ्यानं दिसत नाहीत, पण जिभेला-घशाला टोचतात. सुरणाचंही तेच. तसं ऑक्झलेट पालकात, चुक्यात, घोळीत, आंबुशीतही भरपूर असतं, पण पालकात अशा सुया नसतात म्हणून तो खाजवत नाही.

पानं तोडताना कोवळी अन् काळ्या देठाची घ्या, आमच्या अनुभवात ती कमी खाजतात. हाताला आधी खोबरेल तेल चोळा. पानं धुवून फडक्यानं कोरडी पुसा, ओल्या पानाचा चीक हातभर पसरतो. मग पान पालथं ठेवून मागच्या जाड शिरा सुरीनं सपाट कापायच्या, लाटणं फिरवायचं.

बेसनात तिखट, मीठ, तीळ, सांबार (म्हणजे कोथिंबीर) अन् चिंचेचा कोळ घाला, कोळात हात आखडू नका. आजीच्या काळापासून आंबट घातल्याशिवाय आमच्याकडं धोपा शिजत नाही.

आता खरं काम, शिजवणं. पानांना बेसन लावून गुंडाळून वळकट्या करा, पाण्याला खळखळ उकळी आल्यावरच त्या चाळणीत ठेवा अन् 25 मिनिटं झाकण उघडू नका, जाड वळकटी असेल तर अजून 10 मिनिटं. मी मागच्या साली मधात तीनदा झाकण काढून पाहिलं अन् वाफ गेली, तिथंच चुकलं. सुरी मधोमध खुपसून पाहायची, कोरडी निघाली पाहिजे. वरून कुरकुरीत तळलं म्हणून आतलं कच्चं पान शिजत नाही. पातळ भाजी असेल तर डाळ-शेंगदाण्यासोबत कुकरला लावा अन् पान घोटलं की विरघळेल इतकं मऊ होऊ द्या.

घरात कोणाला मुतखडा असेल तर वेगळं ध्यान द्या, कारण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. पालक, चुका भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या, विरघळणारं ऑक्झलेट बरंच निघून जातं. सोबत दही नाहीतर ताक घ्या, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं अन् ते रक्तात कमी जातं. खडा आहे म्हणून दूध-दही बंद करणारे लई पाहिले, ते उलटं पडतं. आपल्या उन्हात पाणी कमी पडलं की खड्याला फावतं, त्यामुळं पाणी भरपूर प्या अन् किती काय खायचं ते डॉक्टरला विचारा.

एक राहिलं. नैवेद्याआधी उष्टं करता येत नाही, मागच्या साली म्हणूनच कोणी चाखून पाहिलं नाही. आता मी आदल्या दिवशीच त्याच झाडाच्या दोन पानांची एक वळकटी करते, थोडा तुकडा जिभेवर ठेवून पाच मिनिटं थांबते. चुणचुण वाटली तर दुसऱ्या दिवशी वाफ अजून 10 मिनिटं वाढवायची.