सर्चचे निकाल आपल्या कामाचे हवेत? या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी दादरहून डोंबिवलीला जायचा बेत ठरतो. फोनवर ‘मेगाब्लॉक’ (दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद) टाकलं जातं आणि वर येते महिन्यापूर्वीच्या रविवारची बातमी. मग ‘गूगलला माझ्याबद्दल काहीतरी भलतंच वाटतंय’ असं म्हणून सगळी हिस्ट्री पुसली जाते. निकाल तसेच राहतात, कारण दोष हिस्ट्रीचा नव्हताच. निकाल ठरतात ते आधी तुमच्या शब्दांवरून, मग तुम्ही असलेल्या जागेवरून, मग भाषेवरून आणि त्यानंतर जुन्या शोधांवरून. दुरुस्तीही याच क्रमाने करायची. बहुतेक जण नेमकी शेवटून सुरुवात करतात.

मेगाब्लॉकचंच पाहा. तो बहुतेक दर रविवारी असतो आणि दर आठवड्याला त्याच शब्दांत नवी बातमी येते. कोणती ताजी हवी हे सांगायचं काम तुमचं. निकालांच्या वर ‘टूल्स’ असतं, फोनवर त्यासाठी वरची पट्टी उजवीकडून डावीकडे सरकवावी लागते. त्यात ‘गेले २४ तास’ निवडा आणि शोधात ‘मध्य रेल्वे’ जोडा. पाणीकपातीच्या सूचनांनाही हेच लागू. नुसतं ‘पाणीपुरवठा बंद’ टाकण्यापेक्षा आपल्या वॉर्डाचं नाव, उदाहरणार्थ ‘जी उत्तर’, जोडलं आणि ‘गेला आठवडा’ निवडला की शोध नेमका होतो.

जागा चुकीची धरली जाते

निकालांच्या पानाच्या अगदी तळाशी गूगलने धरलेली जागा लिहिलेली असते आणि ती कशावरून धरली तेही: उपकरणावरून, आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून) किंवा आधीच्या वापरावरून. हे कुणी बघत नाही. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता पुष्कळदा भलत्याच भागात नोंदलेला असतो, त्यामुळे मुलुंडच्या माणसाला पनवेलचे दवाखाने दिसू शकतात. तिथेच ‘जागा अपडेट करा’ दाबा आणि ब्राउझरला लोकेशनची परवानगी द्या. परवानगी द्यायची नसेल तर ‘माझ्याजवळ’ न लिहिता ‘मुलुंड पश्चिम’ असं लिहा. पूर्व की पश्चिम हे सांगायला विसरू नका, रुळांपलीकडचा दवाखाना जवळ असूनही लांब पडतो.

दुकानदारांची एक चूक इथेच सांगायला हवी. गिरगावातला डबेवाला केटरर आपल्याच गाळ्यात बसून ‘घरगुती डबा’ शोधतो, आपलं नाव वर पाहतो आणि निश्चिंत होतो. नकाशातल्या निकालांत अंतराला मोठं वजन असतं आणि इथे अंतर शून्य आहे. खरं चित्र बघायचं तर लॉग-आउट होऊन ‘घरगुती डबा अंधेरी पूर्व’ असं, गिऱ्हाईक जिथे आहे त्या भागाच्या नावाने शोधा.

देवनागरीत टाकलं, हिंदी आलं

मराठी माणसाला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो आणि यावर लिहिलं जातं सगळ्यात कमी. लिपी एकच असल्यामुळे एक-दोन शब्दांच्या शोधावरून भाषा ओळखणं सर्च इंजिनाला अवघड जातं, आणि हिंदी मजकूर कितीतरी जास्त असल्याने तोच वर येतो. ‘शिक्षा’ टाकून पाहा. आपल्याला दंड, तुरुंगवास अभिप्रेत असतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, म्हणून शाळा-कॉलेजांची पानं समोर येतात. ‘राग’ टाकला की संताप बाजूला राहतो आणि गाण्यातले राग येतात.

यावर उपाय सेटिंगमध्ये कमी आणि शब्दांत जास्त आहे. शोधात निखळ मराठी शब्द घाला: ‘प्रमाणपत्र’ऐवजी ‘दाखला’. ‘आणि’, ‘आहे का’, ‘म्हणजे काय’ असे साधे शब्दही भाषा ओळखायला मदत करतात. ‘चोरीला शिक्षा किती होते’ हा पूर्ण प्रश्न ‘चोरी शिक्षा’पेक्षा चांगला चालतो. दुसरी गफलत म्हणजे सेटिंगमधली ‘डिस्प्ले भाषा’ मराठी करून निकालही मराठी येतील असं धरणं. त्याने बटणांची भाषा बदलते. निकालांच्या भाषेचा पर्याय वेगळा असतो.

हिस्ट्री पुसली, पण कुठली?

ब्राउझरमधून पुसलेली हिस्ट्री ब्राउझरपुरतीच जाते. खात्यावर साठलेली ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’ तशीच राहते, ती ‘माय ॲक्टिव्हिटी’ पानावर पुसायची. पण सरसकट पुसू नका. बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर पैठण्या शोधल्या असतील, तर तिथल्या शोधपट्टीत ‘पैठणी’ टाका आणि निघतील तेवढ्याच नोंदी काढा. पुढच्यासाठी ऑटो-डिलीट लावा. ३, १८ आणि ३६ महिने असे पर्याय मिळतात. घरात एकच टॅब्लेट सगळे वापरत असतील तर प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा, नाहीतर मुलाच्या प्रोजेक्टचे शोध आजोबांच्या खात्यात साठत राहतात.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, उघडली की निकाल तटस्थ मिळतात, हाही गैरसमज. खातं बाजूला राहतं, पण आयपी पत्ता आणि त्यावरून धरलेली जागा तीच राहते. हिस्ट्रीचा परिणाम खरोखर झाला आहे का, हे पानाच्या तळाशी वाचा. निकाल वैयक्तिक केलेले असतील तर तसं लिहिलेलं असतं आणि ‘वैयक्तिकरणाशिवाय पाहा’ अशी लिंकही असते. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. फरक नसेल तर हिस्ट्रीच्या मागे लागू नका. डिस्कव्हर फीडमध्ये (गूगल ॲप न शोधताच दाखवतं त्या बातम्यांच्या यादीत) ‘यात रस नाही’ दाबल्याने सर्चचे निकाल बदलतील ही अपेक्षाही सोडा.

नको असलेल्या साइट

एखादी साइट वगळायची तर वजाचं चिन्ह, त्याला चिकटून इंग्रजीत ‘साइट’ आणि कोलन, मग पत्ता. मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. मराठी कीबोर्डवर ‘साइट’ देवनागरीत लिहिलं तर ते साध्या शब्दासारखं शोधलं जातं. वीस-पंचवीस साइट अशा जोडत बसू नका, कारण गूगल ३२ शब्दांपुढचं विचारात घेत नाही.

कायमची यादी हवी तर कॉम्प्युटरवर ‘यूब्लॅकलिस्ट’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, घाला. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, तिथे फायरफॉक्ससारखा दुसरा ब्राउझर लागतो. एक काळजी घ्या: त्रास एका ब्लॉगचा असताना ‘ब्लॉगस्पॉट’ अख्खं बंद केलं, तर कितीतरी चांगले मराठी ब्लॉगही दिसेनासे होतात. गूगलने स्वतः अशी सोय दिली आणि काढून घेतली आहे. २००८ मध्ये निकाल वर-खाली करू देणारं ‘सर्चविकी’ आलं, २०१० मध्ये गेलं. २०११ मध्ये साइट ब्लॉक करण्याची सोय आली, तीही टिकली नाही. म्हणून यादीची एक प्रत आपल्याकडे ठेवा.

बातम्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात ‘प्रिफर्ड सोर्सेस’ (आवडीची वृत्तपत्रं निवडायची गूगलची सोय) सुरू झालं, सुरुवात इंग्रजीपासून. चालू विषय शोधा, ‘टॉप स्टोरीज’ शेजारचं चिन्ह दाबा, हवी ती वृत्तपत्रं निवडा. परिणाम ‘टॉप स्टोरीज’ आणि ‘फ्रॉम युवर सोर्सेस’ या चौकटींपुरता होतो आणि बाकीची वृत्तपत्रं लपत नाहीत.

एकच साइट रोज लागत असेल, समजा मराठी विश्वकोश, तर क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘साइट सर्च’खाली शॉर्टकट करा. आधी त्या साइटपुरता एक शोध घ्या, उदाहरणार्थ ‘गहू’. वर आलेला पूर्ण पत्ता उचला आणि त्यातल्या ‘गहू’च्या जागी टक्क्याचं चिन्ह व त्याला चिकटून इंग्रजी छोटा ‘एस’ टाका. पत्त्यात ‘गहू’ टक्के आणि आकड्यांच्या लांब माळेसारखा दिसतो. ती माळ पूर्ण काढा, अर्धवट राहिली तर प्रत्येक शोधाच्या पुढे कचरा लागतो. शॉर्टकटचं नाव ‘वि’ ठेवलं, की पत्त्याच्या पट्टीत ‘वि’, मग टॅबची कळ, मग हवा तो शब्द.