ग्लुटेन वर्ज्य असेल तर ताक कसे घ्यावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ताकभाताशिवाय जेवण संपले असे कोणी मानत नाही. त्यामुळे घरात एखाद्याला सिलिॲक आजाराचे, म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचे, निदान झाले आणि डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला, की चपातीच्या पाठोपाठ ताकाचा प्रश्न निघतोच. त्याचे थेट उत्तर असे, की साधे ताक चालते. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिन आहे. दुधातील प्रथिने निराळी असून दूध, दही, लोणी, तूप यांपैकी कशातही ते मुळात नसते. आपल्याकडे म्हशीला पेंडीबरोबर गव्हाचा कोंडा घालतात, मग तो दुधात उतरत असेल का, ही शंका अनेकांना येते. तो उतरत नाही, कारण जनावराच्या पोटातच त्या प्रथिनांचे पचन होऊन जाते.

अडचण आहे ती ताकात वरून पडणाऱ्या गोष्टींची. म्हणून तपासणी विरजणापासून सुरू करून फोडणीपर्यंत क्रमाने करावी.

त्याआधी एक सूचना. निदान अजून झालेले नसेल आणि केवळ संशय असेल, तर तपासणीपूर्वी गहू सोडू नये. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी गहू खाण्यात असतानाच भरवशाची ठरते. आधीच पथ्य सुरू केले तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

आता विरजण. शेजारून वाटीभर विरजण आणण्याची पद्धत चांगली आहे, पण ज्या दह्यात चपाती बुडवून झाली आहे किंवा ज्यात उष्टा चमचा गेला आहे, त्याचे विरजण घेऊ नये. पथ्य असलेल्या माणसासाठी दह्याचे एक लहान भांडे वेगळे ठेवावे, त्याला स्वतंत्र चमचा ठेवावा आणि पुढचे विरजण त्यातूनच काढावे. लोण्यालाही हाच नियम लावावा, कारण पावाला लोणी लावून सुरी पुन्हा डब्यात गेली, की पावाचा चुरा लोण्यात राहतो. घुसळण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. रवी स्वच्छ असली म्हणजे झाले. (रवी चालते, रवा चालत नाही, असे आमच्या घरातील मुले म्हणतात, आणि ते बरोबरही आहे.)

खरी काळजी घ्यायची ती हिंगाची. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसतो. तो बांधानी हिंग असतो. हिंगाचा मूळ चीक अतिशय उग्र आणि चिकट असल्यामुळे तो डिंक आणि पिठात मिसळून वापरण्याजोगा केला जातो, आणि हे पीठ अनेकदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. आमच्या घरी भाचीचे निदान झाल्यावर चपाती, शेवया, बिस्किटे सगळे बंद झाले, तरी तिच्या पोटाची तक्रार काही केल्या थांबेना. अखेर एका संध्याकाळी फोडणीच्या डब्यातली हिंगाची डबी उजेडात धरून तिच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा घटकांच्या यादीत गव्हाचे पीठ आधी आणि हिंग नंतर निघाला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे त्या डबीत हिंगापेक्षा पीठच जास्त होते.

चिमूटभर हिंगाने काय होणार, असे वडीलधारी माणसे म्हणतात, आणि एका चिमटीचा विचार केला तर त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु मैद्याच्या वजनाचा साधारण दहावा भाग प्रथिनांचा असतो आणि त्यातील बहुतांश ग्लुटेन असते, म्हणजे एक ग्रॅम मैद्यातून सुमारे 80 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाते. याउलट, 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, अशी आपल्या देशातील मर्यादा आहे. शिवाय हिंग एकट्या ताकातच पडतो असे नाही. आमटी, भाजी, लोणचे आणि दहीभाताबरोबर तळून घेतलेली सांडगी मिरची, सगळीकडे तोच असतो. तेव्हा तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधून आणावा, किंवा न मिसळलेला खडा घ्यावा. दोन्ही मिळाले नाहीत तर जिरे, आले, हिरवी मिरची आणि कढीपत्ता यांवर भागवावे. फोडणीसाठी तेल ताजे घ्यावे. ज्यात पुऱ्या किंवा शंकरपाळी तळली गेली, ते उरलेले तेल ताकाच्या फोडणीला वापरू नये.

पाकीटबंद मसाला ताक घेताना घटकांची यादी संपूर्ण वाचावी. सीमाभागात मिळणाऱ्या अनेक पाकिटांवर मजकूर कन्नड आणि इंग्रजीत असतो, म्हणून काही शब्द ओळखीचे करून घेतलेले बरे: मज्जिगे म्हणजे ताक, मोसरु म्हणजे दही, इंगु म्हणजे हिंग, गोधी म्हणजे गहू आणि हिट्टु म्हणजे पीठ. मोठ्यांना बोलण्यातून हे शब्द ठाऊक असतात. लिपी वाचता येत नसेल तर शाळेत कन्नड शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. ॲलर्जीकारक घटकांची वेगळी ओळ असल्यास तिच्यात गव्हाचा उल्लेख आहे का, हे पाहावे. यादीत नुसते 'हिंग' लिहिलेले असेल आणि तो कशात बांधला आहे हे कळत नसेल, तर ते पाकीट सोडून साधे ताक घ्यावे.

लग्नाच्या पंगतीतील मठ्ठा मात्र मी टाळायलाच सांगेन. आचाऱ्याकडील हिंग कोणता, हे गर्दीत विचारून कळत नाही, आणि मठ्ठ्याच्या शेजारी जिलेबी असते, जी मैद्याचीच. वाढणाऱ्याचे हात दोन्हीकडे फिरत असतात. घरून बाटलीत ताक नेले तर त्यात संकोचण्यासारखे काही नाही. कुंदा घेताना दुकानदाराला घटक विचारावेत. निव्वळ दूध, खवा, साखर आणि वेलदोडा असेल तर हरकत नाही, पण गुलाबजामच्या खव्यात मैदा मिसळलेला असतो, हे विसरू नये. खपलीची खीरही वर्ज्यच समजावी. खपली पचायला हलकी असते असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, तरी ती गव्हाचीच जात आहे आणि तिच्यात ग्लुटेन असते.

एवढे सांभाळूनही सुरुवातीच्या काही महिन्यांत ताकाने पोट फुगले, तर लगेच हिंगावर आळ घेऊ नये. या आजारात लहान आतड्याच्या आतील रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे, झिजतात, आणि दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज नावाचे विकर तिथेच तयार होत असल्यामुळे काही काळ दूध सोसत नाही. दही-ताकातील जिवाणूंनी ती साखर काही प्रमाणात आधीच संपवलेली असते, म्हणून दुधापेक्षा ताक बरे पडते, तरी सुरुवात अर्ध्या वाटीने करावी. पथ्य नीट पाळले की आतडे हळूहळू सावरते आणि बहुतेकांना दूधही पुन्हा सोसू लागते. ते कधी सुरू करावे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. तोवर ज्वारीची भाकरी, भात आणि पातळ ताक यांवर निभावते. ज्वारी मात्र गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळून आणू नये, कारण जात्यात अडकलेले गव्हाचे पीठ पहिल्या दळणातच बाहेर पडते.