बेसमेंट भाड्याने द्यायचंय? आधी टेप काढा

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात घर घेताना ‘बेसमेंट भाड्याने देऊ, हप्ता निघेल’ असा हिशेब आपल्यातले बरेच जण करतात. कॉन्ट्रॅक्टरला बोलावण्याआधी दोन मापं स्वतः घ्या, मोठा खर्च वाचू शकतो.

१. उंची: जमीन ते छत किमान १.९५ मीटर. फ्लोअरिंग आणि छताचा ड्रायवॉल (जिप्सम बोर्ड) काही सेंटिमीटर खातात, ते आधीच वजा करा.

२. खिडकी: तळघरातून थेट बाहेर जाणारं दार नसेल, तर आगीत सुटकेचा मार्ग हाच. काच मोजू नका, पूर्ण उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा मोजा. सरकत्या खिडकीची निम्मीच उघडते. क्षेत्रफळ किमान ०.३५ चौरस मीटर, कुठलीही बाजू ३८ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. दोन्ही बाजू ३८ असून भागत नाही. ३८ रुंदीला उंची साधारण ९३ लागते. बाहेर खड्डा असेल तर खिडकीसमोर ५५ सेंटिमीटर मोकळे हवेत.

मापं जुळली की बिल्डिंग परमिटचा अर्ज करा. ब्रॅम्प्टन शहरात युनिटची (भाड्याने द्यायच्या स्वतंत्र घराची) नोंदणीही लागते.

सांभाळा: जाहिरातीतलं ‘सेपरेट एंट्रन्स’ म्हणजे कायदेशीर युनिट नव्हे. विकणाऱ्याकडे परमिटचे कागद मागाच.