ढगाळ दिवसांतला युरिया आणि सावलीतले भात

श्रावणातली झड लागली की सरद (पावसाळी) भाताचा रंग फिका पडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतकरी युरियाची पिशवी घेऊन कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, उतरतो. गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी भागांत तपकिरी तुडतुड्यांनी, म्हणजे बुंध्याचा रस शोषणाऱ्या बारीक किडींनी, जाळलेली जी शेते मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांची कथा या एकाच घाईपासून सुरू झाली होती. पहिला करपलेला गोल चट्टा उघड्या उन्हात क्वचितच उमटतो. तो मेरेवरच्या (बांधावरच्या) आंब्या-फणसाच्या सावलीत दिसतो.

रोप मुळांवाटे नत्र (नायट्रोजन) घेते, परंतु त्याची प्रथिने करण्यासाठी लागणारी साखर पानांत उन्हावरच तयार होते. आठवडाभर सूर्य दिसला नाही, तर घेतलेले नत्र अमिनो आम्लांच्या रूपात रसात साचून राहते. रस शोषणाऱ्या तुडतुड्याला तेच हवे असते, आणि असा रस मिळालेली मादी अंडीही अधिक घालते. पालाश (पोटॅशियम) कमी पडले तरी हेच घडते, आणि आपल्या जांभ्या मातीतून पालाश पावसाबरोबर सहज वाहून जाते. सावलीतले पाते बोटांतून ओढून पाहावे: ते मऊ, रुंद आणि वाकलेले लागते, तर उन्हातल्या, सिलिका भरलेल्या पात्याची धार बोटाला जाणवते. ही परीक्षा कोणत्याही शिफारशीत नाही, तरी किडीचा पहिला शोध मी त्या मऊ पात्यांच्या बुंध्याशीच घेतो. पाने गुंडाळणारी अळीही तिथेच आधी सापडते.

सुधारित जातींसाठी शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 50 किलो पालाश अशी आहे. म्हणजे 1000 चौरस मीटरला सुमारे 22 किलो युरिया आणि 8 किलो म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पालाशाचे खत. युरिया निम्मा लावणीला, उरलेला फुटव्यांच्या आणि लोंबी धरण्याच्या वेळी दोन हप्त्यांत द्यावा. झड चालू असेल तर हप्ता थांबवावा; उघडीप मिळेपर्यंत चार-सहा दिवस उशीर झाल्याने पीक बुडत नाही, घाईने मात्र बुडालेले मी पाहिले आहे. मेरेलगतच्या सावलीच्या पट्ट्यात मी हप्ता निम्माच टाकतो आणि खालच्या फांद्या कोयत्याने उतरवतो.

चवथीपूर्वीची (गणेश चतुर्थीपूर्वीची) इतर कामे: तण काढणे, मेरा साफ करणे, खेकड्यांची बिळे बुजवणे, पाणी 5 सेंटिमीटर राखणे.

भात फिके दिसते असे दुकानात सांगितले की टॉनिकची बाटली पुढे येते. त्या पैशांत हजार मीटरला पुरेल एवढे पोटॅश मिळते, म्हणून ती बाटली परत ठेवावी. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे तर मुळीच घेऊ नयेत, कारण ती तुडतुडे खाणारे कोळी आणि मिरिड ढेकूण यांना मारतात व तुडतुडे दुपटीने उसळतात.

दर आठवड्याला सावलीकडच्या बाजूने सुरुवात करून वीसेक चूड (रोपांचे झुबके) वाकवून पाण्यालगत पाहावेत व बुंध्याला हलकी थाप मारावी. पाण्यावर तांदळाच्या कणीएवढे तपकिरी किडे तरंगतात. चुडास 5 ते 10 तुडतुडे आढळले तर प्रथम तीन-चार दिवस पाणी काढून टाकावे आणि वेळूच्या काठीने चुडांच्या ओळी दुभंगून बुंध्यापर्यंत ऊन व वारा पोहोचवावा. तरीही संख्या वाढत राहिली तर पायमेट्रोझिन 50 टक्के, 1000 चौरस मीटरला 30 ग्रॅम, 50 लिटर पाण्यातून द्यावे. नोझल बुंध्याकडे धरावा, पानांवरून मारलेले औषध किडीपर्यंत पोहोचत नाही. खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, पाणी काढायचे असल्यास मानशीचे (बांधातल्या पाणदाराचे) दार ओहोटीच्या वेळीच उघडावे आणि भरती येण्याआधी बंद करावे.