गप्पी की गंबुशिया? माद्या अशा वेगळ्या केल्या

ऑस्करच्या (टाकीतल्या मोठ्या शिकारी माशाच्या) खाद्यासाठी आणलेल्या 'गप्पी' (छोटे रंगीत मासे) मधले उरलेले मासे गप्पींच्या टाकीत सोडले की नरांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसायच्या. त्यात गंबुशिया (डासांच्या अळ्या खाणारे, गप्पीसारखेच दिसणारे छोटे मासे) मिसळलेले होते. नर सोपे, गप्पीचा रंगीत, गंबुशियाचा करडा. घोळ माद्यांचा, दोन्ही मातकट, पोटावरचा काळा डागही दोघींना.

मग एकेक मादी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात बाजूने पाहिली. गंबुशियाचा पाठीवरचा पर पोटाखालच्या मागच्या परापेक्षा (गुदपरापेक्षा) स्पष्ट मागे सुरू होतो. गप्पीत दोन्ही जवळपास एका रेषेत. शिवाय गंबुशियाच्या शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, बऱ्याचदा डोळ्याखाली काळसर पट्टाही. (पराची खूण नरांना लावू नका, त्यांचा खालचा पर पुढे सरकलेला असतो.)

गंबुशिया आता वेगळ्या टबात. नाल्या-तळ्यात मात्र सोडू नका, तिथल्या माशांची पिल्लं खातात.