फोटोशूटचा रेट आधीच सांगा, "बघू नंतर" नको

"दादा, रंकाळ्यावर प्रीवेडिंग करायचंय, किती घेता?" असं कुणी विचारलं की आपल्याकडं निम्मे फोटोग्राफर "या तर आधी, बसून ठरवू" म्हणतात आणि घोळ तिथंच सुरू होतो, कारण गिऱ्हाइकाच्या डोक्यात एक आकडा असतो, आपल्या डोक्यात दुसरा.

आधी स्वतःचा हिशोब घाला. कॅमेरा-लेन्सची झीज, हार्डडिस्क, सॉफ्टवेअर, पेट्रोल, लाइट धरणारा पोरगा. समजा हे महिन्याला 20 हजार, घराला 30 हजार आणि शूट सरासरी 10, तर 5 हजाराच्या खाली गेलात की खिशातनं घालताय. सरासरी वर्षाची काढा बरं का, सीझनची नको, चातुर्मासात लग्नं नसतात तरी भाडं भरावंच लागतं. आणि शूट दोन तासांचं असलं तरी फोटो निवडणं, कलर, रिटच यात अख्खा दिवस जातो, तो गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणून तुम्हीच धरायचा.

मग रेटकार्ड करा, दोन-तीन पॅकेज बास. पण नुसता आकडा लिहून उपयोग नाही, किती तास, एडिट केलेले फोटो किती, अल्बमची शीटं किती, कधी मिळणार, रॉ (एडिट न केलेले मूळ) फोटो देणार का नाही, हे सगळं लिहा. भांडणं बहुतेक इथंच होतात, रेटवरनं नाही. कोल्हापुरातनं पन्हाळ्याला जाऊन-येऊन 40 किलोमीटर होतात, खिद्रापूर त्याहून लांब, त्यामुळं प्रवास वेगळा लावा आणि एखाद्या ठिकाणी परवानगीची फी असली तर ती कोण भरणार तेही आधीच ठरवा.

घासाघीस होणारच, त्यात पाहुणे असले की जास्तच. तेव्हा त्याच कामाचा रेट पाडू नका, काम कमी करा, म्हणजे 40 ऐवजी 25 फोटो किंवा एकच लोकेशन. एकाला गुपचूप स्वस्तात दिलं की गल्लीभर कळतं आणि मग पुढचा प्रत्येकजण तोच रेट मागतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

विसार घेतल्याशिवाय तारीख अडकवू नका. निम्मे पैसे बुकिंगला, बाकीचे फायनल फोटो द्यायच्या आधी, आणि हे ठरलेलं व्हॉट्सअॅपवर लिहून समोरच्याचं "ओके" घ्या. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर जात असेल तर जीएसटी पण बघा, सेवेवर 18 टक्के लागतो, तो रेटमध्ये धरलाय का वरनं, तेही कार्डावर लिहा.